ज्याने तळघरात आख्खे डोंगर उभे केले, त्याचं सगळं काम १० दिवसांत जळून गेलं.. तरी जगभरच्या मॉडेल रेल्वेत तो आजही आहे

६ जानेवारी १९७३. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे नावाचं गाव. जॉन ॲलन नावाच्या ५९ वर्षांच्या माणसाला हार्ट अटॅक आला आणि तो गेला.

त्याच्या घराच्या तळघरात एक आख्खी रेल्वे होती. खोल दऱ्या, त्यावरचे लाकडी पूल, कड्याला चिकटून जाणारे रूळ, बोगदे, बंदर, गावं. जमिनीपासून छतापर्यंत नुसते डोंगर. हे सगळं त्याने जवळपास वीस वर्षं खपून उभं केलं होतं आणि मेन लाईन पूर्ण व्हायला अगदी थोडं काम बाकी होतं.

तो गेल्यावर १० दिवसांनी त्या घराला आग लागली. डोंगर, पूल, गाड्या, सगळं संपलं.

आता तुम्ही म्हणाल, खेळण्यातली रेल्वे जळाली, त्यात एवढं काय? तर विषय असा आहे की आज जगात कुठेही कोणी मॉडेल रेल्वेसाठी डोंगर बनवायला बसला, तर तो कळत नकळत या माणसाच्याच वाटेने जातो. म्हणूनच ५० वर्षांनंतरही त्याचं नाव निघतं.

आधी समजून घेऊ, मॉडेल रेल्वे म्हणजे नक्की काय?

चावी दिली की गोल गोल फिरते ती खेळण्यातली गाडी. मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची मापात छोटी केलेली नक्कल. इंजिन, डबे, रूळ, स्टेशन, माणसं आणि झाडं, सगळं एकाच प्रमाणात लहान. या सगळ्या मांडणीला लेआऊट म्हणतात.

सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ स्केल. यात खरी वस्तू ८७ पट लहान होते. आपला साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा एचओमध्ये साधारण २७ सेंटीमीटरचा, म्हणजे फूटपट्टीपेक्षाही छोटा होतो. इथवर सगळं सोपं आहे.

गोची होते ती डोंगरात.

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर उंच. ८७ ने भागा, उत्तर येतं जवळपास १९ मीटर. म्हणजे नुसतं एक शिखर मापात करायचं तर सहा मजली बिल्डिंगएवढी जागा लागेल. मुंबई-पुणे १९२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग एचओमध्ये मांडायचा तर २ किलोमीटरच्या वर जागा हवी. तेवढी जागा असती तर माणसाने प्लॉट नसते का पाडले?

म्हणजे इंजिन मापात करता येतं, डबा मापात करता येतो, पण डोंगर मापात करता येत नाही. तो भासवावाच लागतो. ही भासवण्याची कला ज्यांनी शोधली, वाढवली आणि इतरांना शिकवली, ती माणसं या छंदात मोठी मानली जातात. जॉन ॲलन त्यातला पहिल्या रांगेतला.

हा जॉन ॲलन होता तरी कोण?

जन्म १९१३ चा, मिसूरी राज्यातला. पेशाने फोटोग्राफर. भावासोबत केलेल्या गुंतवणुकीतून त्याला बरा पैसा मिळाला आणि रोज नोकरीवर जाण्याची गरज उरली नाही. मग उरलेलं आयुष्य त्याने रेल्वेला दिलं.

१९४६ मध्ये त्याने पहिला लेआऊट सुरू केला. आकार साधारण साडेतीन फूट बाय साडेसहा फूट, म्हणजे घरातल्या सिंगल पलंगाएवढा. नाव ठेवलं 'गोरी अँड डाफेटिड'. हे नाव इंग्रजीत पटकन म्हणून बघा, 'गोरी अँड डिफिटेड' असं ऐकू येतं. म्हणजे 'रक्तबंबाळ आणि पराभूत'. थोडक्यात काय, गडी विनोदी होता.

१९५३ मध्ये त्याने मॉन्टेरेत दुसरं घर घेतलं आणि तिथल्या तळघरात पुढच्या वर्षी मोठा लेआऊट सुरू केला. हाच तो प्रसिद्ध लेआऊट. गंमत म्हणजे पलंगाएवढा पहिला लेआऊट त्याने मोडला नाही, मोठ्या लेआऊटच्या पोटात तसाच बसवून टाकला.

विनोदाचं म्हणाल तर त्याच्या यार्डात शंटिंगसाठी चक्क एक डायनासोर होता. स्टेगोसॉरस जातीचा. नाव एमा, नंबर १३. ती म्हणे डबे ओढायची. जगातले सगळ्यात खरे वाटणारे डोंगर बनवणाऱ्या माणसाच्या रेल्वेत डायनासोर काम करायचा आणि बघणाऱ्यांना ते खटकायचं नाही, कारण बाकीचं सगळं तितकं अस्सल होतं.

त्याने वेगळं काय केलं?

त्या काळात बहुतेकांचे लेआऊट म्हणजे टेबल. सपाट फळी, त्यावर रूळ, कोपऱ्यात एखादी टेकडी आणि टेकडीला एक बोगदा. जॉन ॲलनने टेबलच काढून टाकलं.

पहिली गोष्ट, त्याने डोंगर जमिनीपासून छतापर्यंत नेले. रूळ मध्ये कुठेतरी, दरी खाली पायापर्यंत आणि शिखर डोक्याच्या वर. त्यामुळे बघणारा माणूस वरून खेळणं बघत नव्हता, तो दरीत उभा राहून वर बघत होता. एवढ्या एका बदलाने सगळा खेळ पालटला. मोठं काय आणि छोटं काय, हे आपला मेंदू मान वर करावी लागते की खाली यावरूनही ठरवत असतो.

दुसरी गोष्ट, अंतराचा भास. पुढची झाडं आणि घरं मोठी ठेवायची, मागची मुद्दाम छोटी करत जायची. मग दोन फूट खोलीची जागा दोन किलोमीटरची वाटायला लागते. याला जोड रंगाची. लांबचा डोंगर फिका आणि निळसर दिसतो. सह्याद्रीत एखाद्या गडावर उभं राहून बघा, पहिली रांग हिरवी, दुसरी निळी, तिसरी जवळजवळ आकाशाच्या रंगाची. मॉडेलवालेही मागच्या भिंतीवर तेच करतात.

तिसरी गोष्ट, आरसे. योग्य जागी, कडा दिसणार नाही अशा बेताने आरसा बसवला की अर्धा पूल पूर्ण दिसतो आणि रस्ता भिंतीच्या पलीकडे जातो.

चौथी गोष्ट, मळकटपणा. दुकानातून आणलेलं इंजिन चकचकीत असतं, खरं इंजिन कधीच तसं नसतं. त्यावर काजळी असते, गंज असतो, पाण्याचे ओघळ असतात. ॲलनने गाड्या, घरं, पूल सगळं जुनं आणि वापरलेलं दिसेल असं रंगवलं. आज याला वेदरिंग म्हणतात आणि त्यासाठीचे तयार रंग बाजारात मिळतात. तेव्हा तसं करणाऱ्या थोडक्या लोकांपैकी तो एक होता.

आणि हे सगळं लोकांपर्यंत पोचलं ते त्याच्या कॅमेऱ्यामुळे. छोट्या वस्तूचा जवळून फोटो काढला की मागचं धूसर होतं आणि ते खेळणं आहे हे लगेच कळतं. ॲलन लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून बराच वेळ एक्सपोजर द्यायचा. पुढच्या रुळापासून मागच्या शिखरापर्यंत सगळं स्पष्ट यायचं. असे फोटो 'मॉडेल रेलरोडर' मासिकात आणि वार्नी नावाच्या मॉडेल कंपनीच्या जाहिरातींत छापून यायचे. ज्यांनी त्याचं तळघर कधी बघितलं नाही, त्यांनी त्याचे डोंगर बघितले ते असे.

नुसतं बघायला नाही, चालवायला

एक गैरसमज इथेच दूर करू. जॉन ॲलनचा लेआऊट म्हणजे शोकेस नव्हता. मित्रांची टोळी नियमित जमायची आणि खऱ्या रेल्वेसारखी वाहतूक चालवायची. कुठली मालगाडी कुठे जाणार, कुठला डबा कुठल्या सायडिंगला सोडायचा, क्रॉसिंग कुठे होणार. घड्याळसुद्धा वेगाने पळणारं, म्हणजे काही तासांत रेल्वेचा आख्खा दिवस संपायचा.

शंटिंगवरून त्याने 'टाइमसेव्हर' नावाचं एक कोडंही तयार केलं. एक छोटी फळी, पाच सांधे, मोजके डबे आणि एक इंजिन. कमीत कमी चालींत प्रत्येक डबा आपल्या जागी पोचवायचा. नाव वेळ वाचवणारं, पण यात वेळ कसा जातो ते कळत नाही. १९७२ मध्ये ते 'मॉडेल रेलरोडर'मध्ये छापून आलं आणि आजही लोक ते बनवतात, कॉम्प्युटरवर खेळतात.

त्यानंतर काही आठवड्यांतच तो गेला. मग आग लागली.

मग त्याच्या युक्त्या टिकल्या कशा?

इथे दुसरं नाव येतं, लिन वेस्टकॉट. हे 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक, १९६१ ते १९७७. डोंगर बनवणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं ते यांनी.

आधी काय असायचं? लाकडी सांगाडा, त्यावर लोखंडी जाळी, त्यावर प्लास्टरचे थर. काम जड, जाळीने हात कापायचे आणि एकदा केलं की बदलणं मुश्कील. वेस्टकॉट यांनी 'हार्डशेल' पद्धत आणली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या किंवा चुरगळलेल्या वर्तमानपत्राचे बोळे लावून डोंगराचा आकार करायचा, जाड टिश्यूसारखे पेपर टॉवेल पातळ प्लास्टरमध्ये बुडवायचे आणि वर अंथरायचे. वाळलं की अंड्याच्या कवचासारखं पातळ पण कडक आवरण तयार.

ओळखीचं वाटतंय ना? आपण दिवाळीत किल्ला करतो तो काय वेगळा असतो? दगड-विटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, चिखल थापायचा आणि मग अळीव पेरायचे. तत्त्व अगदी तेच. फक्त आपल्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि त्याच्या बाजूला प्लास्टिकची जीप उभी असते. स्केलचं गणित तेवढं आपण सोडून देतो.

वेस्टकॉट यांनी केलेलं दुसरं मोठं काम म्हणजे एक पुस्तक. जॉन ॲलनचा लेआऊट जळाला होता, पण त्याच्या फोटोंमधून तो उभा करता येत होता. ते फोटो, नकाशे, त्याची काम करण्याची रीत, सगळं त्यांनी एकत्र केलं. १९८० मध्ये वेस्टकॉट स्वतः गेले आणि १९८१ मध्ये पुस्तक आलं. जॉन ॲलनला कधीही न भेटलेल्या पिढीने त्याचे डोंगर शिकले ते या पुस्तकातून.

पण सगळ्यांना तसे डोंगर नको होते

जॉन ॲलनचे डोंगर नाट्यमय होते. उभे कडे, अंधाऱ्या घळी, डोळे फिरवणारे पूल. अशी रेल्वे खऱ्या जगात कोणी बांधली असती का, असा प्रश्न काहींना पडायचा.

याचं उत्तर ओहायो राज्यातल्या डेटनच्या ॲलन मॅक्लेलंड यांनी दिलं. त्यांच्या रेल्वेचं नाव 'व्हर्जिनियन अँड ओहायो'. तीही काल्पनिकच, पण ती जायची खऱ्या ॲपलाचियन डोंगरांतून. हे डोंगर गोलसर, झाडीने भरलेले. खाली नदी, नदीकाठाने रूळ, बाजूला कोळशाच्या खाणी. बघणाऱ्याला वाटावं, अरे ही रेल्वे तर नकाशावर असणारच.

मॅक्लेलंड यांच्या दोन गोष्टी आजही सगळे वापरतात. एक म्हणजे 'पुरेसं चांगलं' हे तत्त्व. एका डब्यावर सहा महिने घालवण्यापेक्षा सगळी रेल्वे एकसारख्या बऱ्या दर्जाची करा, म्हणजे ती पूर्ण तरी होईल. दुसरी म्हणजे 'तळघराच्या पलीकडे'. नाटकात नट विंगेत उभे असतात आणि वेळ आली की रंगमंचावर येतात. तशा गाड्या पडद्यामागच्या लपवलेल्या रुळांवर थांबतात, आपल्यासमोर येतात, डोंगरातून जातात आणि पुन्हा दिसेनाशा होतात. गाडी कुठून तरी आली आणि कुठे तरी गेली. म्हणजे डोंगर सजावट राहिला नाही. गाडीला तो ओलांडायचाच आहे, म्हणून तो तिथे आहे.

घाट टेबलावर बसत नाही, त्याचं कारण

ओलांडणं वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या बोरघाटात सगळ्यात अवघड चढ १:३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. त्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिन लावावं लागतं. एचओ लेआऊटवर एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर मधे साधारण १० सेंटीमीटर उंची लागते. बोरघाटाचा चढ धरला तर तेवढं चढायलाच ३ मीटर ७० सेंटीमीटर रूळ लागतो, आणि उतरायला पुन्हा तेवढाच. नवखा माणूस घाईत चढ तीव्र करतो आणि मग इंजिनाची चाकं जागेवरच फिरत राहतात.

म्हणून जाणकार सांगतात, आधी रुळाचा चढ ठरवा, मग डोंगर बांधा. खऱ्या रेल्वेत आधी डोंगर असतो आणि नंतर रूळ येतात. मॉडेलमध्ये उलटं असतं. कमाल एवढीच की बघणाऱ्याला ते उलटं वाटता कामा नये.

छंद तळघरातून बाहेर आला तेव्हा

पुढे काहींनी हे वेड इतकं वाढवलं की त्यासाठी आख्खी इमारत लागली. न्यू जर्सीतल्या फ्लेमिंग्टनमध्ये ब्रूस झॅकॅग्निनो यांनी घराच्या तळघरात सुरू केलेलं काम वाढत वाढत 'नॉर्थलँड्झ' नावाचं प्रचंड प्रदर्शन झालं. १९९६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथे सुमारे १३ किलोमीटर रूळ आहेत आणि शेकडो पूल.

जर्मनीत हॅम्बुर्गला फ्रेडरिक आणि गेरिट ब्राऊन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये 'मिनिआतुर वुंडरलँड' उघडलं. २००७ मध्ये त्यांनी तिथे स्वित्झर्लंड उभं केलं. त्यातला मॅटरहॉर्न जवळपास ६ मीटर उंच आहे आणि दोन मजल्यांमधून जातो. पण हिशोब करा, खरा मॅटरहॉर्न ४,४७८ मीटरचा, एचओमध्ये तो ५१ मीटर भरायला हवा. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत लेआऊटलाही शेवटी डोंगर भासवावाच लागला. जॉन ॲलनचंच गणित.

बनवणारा गेला की लेआऊटचं काय होतं?

हा या छंदातला सगळ्यात दुखरा प्रश्न. लेआऊट भिंतीला, फरशीला, छताला धरून बांधलेला असतो. घर विकलं की तो उचलून नेता येत नाही, कापावा लागतो. आग लागली नसती तरी जॉन ॲलनचे डोंगर तिथून सहज हलवता आले नसते. कधी कधी मालक स्वतःच मोडतो. मॅक्लेलंड यांच्यापासून प्रेरणा घेतलेल्या टोनी कोस्टर यांनी 'अलेगेनी मिडलँड' हा आपला गाजलेला डोंगरी लेआऊट स्वतःच काढला आणि त्या जागी नवा सुरू केला.

काही वाचतात. इंग्लंडच्या जॉन अहर्न यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास बांधलेली 'मॅडर व्हॅली रेल्वे' आज ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन म्युझियममध्ये आहे. ती वाचली कारण तिला एका संस्थेने जागा दिली.

आणि असं एक उदाहरण आपल्याकडेही आहे. पुण्यात कोथरूडला, कर्वे रोडच्या परिसरात जोशी यांचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी खुलं झालं. एका हॉलमध्ये गाड्या, सिग्नल, हायवे, सर्कस, स्विमिंग पूल असं छोटं शहर आहे. दिवे मंद होतात, निवेदन सुरू होतं आणि गाड्या एकामागून एक निघतात. ते आजही चालतं, कारण भाऊंच्या घरच्यांनी ते चालू ठेवलं आहे.

म्हणजे हिशोब साधा आहे. लेआऊट वाचायचा असेल तर मागे कोणीतरी लागतो, घरचे किंवा संस्था. आणि ते नसेल तर निदान जे शिकलो ते सांगून जावं लागतं.

जॉन ॲलनने दुसरं केलं. फोटो काढले, लिहिलं, दारात आलेल्याला दाखवलं. म्हणून आग तळघरातच थांबली. पुढच्या वेळी एखाद्या रीलमध्ये कड्याला चिकटलेली छोटी मालगाडी पुलावरून जाताना दिसली, इंजिनावर काजळी दिसली आणि मागचा डोंगर निळसर दिसला, तर समजून जा, ही वाट मॉन्टेरेच्या त्या तळघरातून आली आहे.

आणि यंदा दिवाळीत किल्ला करताना मागच्या भिंतीवर एक फिकट निळी डोंगररांग रंगवून बघा. गोणपाट तेच, चिखल तोच, पण किल्ला केवढा तरी मोठा वाटेल.